ढकलायचा नंदी

"सुहानीला खाली ठेवा," तिडके मॅडमनी पुन्हा सांगितलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिडके मॅडम लहान मुलांची वाढ तपासतात त्या खोलीत आम्ही आलो होतो. खाली निळी गादी अंथरलेली, तिच्यावर रंगीत ठोकळे, एक चेंडू, एक प्लास्टिकचं बदक. माझी अडीच वर्षांची सुहानी तिच्या आजीच्या कमरेवर होती. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, पारबताबाई. त्या गादीच्या काठाशी उभ्या राहून गादीकडे अशा पाहत होत्या, जशी काही ती विहीर आहे.

"आमी खाली नाई ठेवत तिले," त्या म्हणाल्या.

मॅडमना वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. त्यांनी तेच मोठ्याने सांगितलं. सासूबाईंनीही आवाज चढवला आणि पोरगी सिकलची आहे, तिला भुईचा गारवा लागतो, हे साऱ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं समजावून दिलं. दोघींचं भांडण पेटायच्या आत मी सासूबाईंच्या कमरेवरून पोरीला अक्षरशः सोडवून घेतलं आणि गादीवर बसवलं. सुहानीने पाय पोटाशी ओढून घेतले. मग बोट उचलून चेंडू दाखवला. सासूबाईंनी चेंडू उचलून तिच्या हातात दिला. तिने बदक दाखवलं. बदकही हातात आलं.

मॅडम हे सगळं बघत होत्या. त्यांना हसू आवरेना. तुमच्या घरात हिच्या वतीने बोलायचं काम कोणाकडे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या अख्ख्या गल्लीकडे.

त्यात काहीही खोटं नव्हतं. सुहानी सहा महिन्यांची असताना तिचे हातपाय सुजले, रक्त तपासलं आणि सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार निघाला. त्या दिवसापासून सासूबाईंनी तिला जी उचलली ती उचललीच. सासूबाईंना स्वयंपाक असला की शेजारच्या गिरजाकाकू घेत, गिरजाकाकूंना काम निघालं की त्यांची सून घेई. एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर अशी माझी पोरगी गावभर फिरायची, पण तिचे तळपाय लोण्यासारखे मऊ राहिले होते. तिने बोट वर केलं की पाणी, बोट डावीकडे गेलं की बिस्किट. चालत नव्हती, बोलत नव्हती. नवरा बोअरवेलच्या गाडीवर, महिना महिना बाहेर. फोनवर रोज विचारायचा, काही बोलली का, आणि मी रोज विषय बदलायचे. गल्लीत बायका कुजबुजत, रोग डोक्यात गेला असेल. माझी रात्रीची झोप त्या एका वाक्याने उडवली होती. मी तशी कोणाला ऐकून घेणारी नव्हे, पण हे ऐकलं की मी घरात निघून जायचे.

तिडके मॅडमनी सुहानीला चाचपलं, गुडघ्यांवर टिचक्या मारल्या, बुटक्या टेबलाला धरून उभं केलं. सासूबाईंचे दोन्ही हात हवेत तयार. मग मॅडमनी नागपूरच्या तपासणीचा कागद वाचला आणि माझ्याकडे वळल्या.

"पायांत ताकद आहे. डोक्याच्या रक्तवाहिन्या तपासल्यात, त्याही चांगल्या आहेत. शालूताई, तुमच्या मुलीचं डोकं बिघडलेलं नाही. तिला खाली उतरायला मिळालेलं नाही."

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. मारलीही असती, पण मध्ये टेबल होतं.

मग त्या बराच वेळ सांगत होत्या आणि मी अधाशासारखी ऐकत होते. या वयात मूल जमिनीवर लोळतं, पडतं, वस्तूच्या मागे जातं, मागतं, त्यातूनच त्याचं डोकं तयार होतं. सिकलच्या मुलांचे कितीतरी दिवस दुखण्यात आणि दवाखान्यात जातात. ते दिवस आजार घेऊन जाणारच, निदान बरे दिवस तरी तिला खेळायला द्या. भरपूर पाणी पाजा, पाय उबदार ठेवा, थकली की थांबवा, रोजची गोळी चुकवू नका, ताप आला तर घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि तिने बोट दाखवलं की लगेच वस्तू देऊ नका. काय पाहिजे ते विचारा आणि थांबा. आता ही वेळ दवडली तर पुढे तिला हेच सगळं फार जड जाईल, असंही त्यांनी लपवलं नाही.

परतताना काळी-पिवळी जीप गच्च भरली होती. गावातल्या बायका होत्याच. एकीने सुहानीच्या गालाला हात लावून, काय म्हणाले डॉक्टर, असं विचारलं. तिच्या आवाजात आधीच हळहळ होती. माझ्या अंगात तेव्हा काय वारं शिरलं होतं कोण जाणे. मी ताठ बसून सांगून टाकलं, "यंदाच्या तान्ह्या पोळ्याले माझी पोरगी नंदी घेऊन सोताच्या पायानं चालन. साऱ्याजणी पाहाले या."

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. पोरं चाकं लावलेला लाकडी नंदीबैल दोरीने ओढत मारुतीच्या देवळासमोर जमतात, पूजा होते, आणि मग घरोघर नंदी नेऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ किंवा चिल्लर. गावातलं प्रत्येक पोर चालायला लागलं की त्याच्या हाती नंदी येतो. तेव्हा माझ्या बोलण्याचा अर्थ जीपभर सगळ्यांना कळला. ड्रायव्हरनेही आरशातून पाहिलं.

सासूबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. घर येईपर्यंत नाही, आणि घरी आल्यावर पुढचे कित्येक दिवस नाही. मला वाटलं, चारचौघींत मी त्यांचा पाणउतारा केला म्हणून त्या रुसल्या. रुसू देत, असं मी मनाशी म्हटलं. मला वेळ नव्हता, पोळ्याला जेमतेम दोन महिने उरले होते.

तेवढ्यात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला. सासूबाई आयुष्यभर धानाच्या बांधीत वाकलेली बाई, रोवण्याच्या दिवसांत त्यांना घरी बसवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. नातीला गिरजाकाकूंच्या कमरेवर चढवून त्या जायच्या. त्या वळणापलीकडे गेल्या की मी पोरीला उतरवून घ्यायचे. शेणाने सारवलेल्या ओसरीवर आधी पोतं, त्यावर गोधडी, पायांत मोजे. पहिल्या दिवशी तिने पाय टेकवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी टेकवले आणि मोठ्याने रडली. गिरजाकाकूंचा जीव तुटला. मी त्यांना बाहेर काढून दार लावलं. त्या दारापलीकडे उभ्या राहून मला कैदाशीण म्हणाल्या, आणि मी आतून त्यांना चहा पाहिजे का विचारलं.

खरं अवघड होतं ते थांबणं. सुहानी बोट दाखवी आणि माझा हात आपोआप पेल्याकडे जाई. मी तो हात मांडीखाली दाबून बसायचे. काय पाहिजे, असं विचारायचे आणि गप्प राहायचे. तीही गप्प. आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघत बसलेल्या. एका दुपारी ती अशीच चिडून लाल झाली, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली, "पा."

मी तो पेला इतक्या घाईने उचलला की अर्धं पाणी माझ्याच अंगावर सांडलं. पळत जाऊन गिरजाकाकूंना सांगितलं, त्यांच्या सुनेला सांगितलं, रस्त्याने चाललेल्या पोस्टमनला सांगितलं. त्या दिवसापासून गल्ली माझ्या बाजूला आली. आता सुहानीचं बोट वर गेलं की तीन तीन बायका हात मागे बांधून उभ्या राहत आणि तिच्या तोंडाकडे बघत. आठवड्यात "दे" आलं. मग "काकू" आलं, तेव्हा गिरजाकाकू डोळ्याला पदर लावून बसल्या. मात्र सासूबाई घरी आल्या की पोरीचं तोंड बंद. त्यांच्या कमरेवर असताना बोलायची गरजच पडत नव्हती.

सासरे एका दुपारी अवचित घरी आले. मानकू कुमरे हे आमच्याकडचं सर्वांत कमी बोलणारं माणूस. आरागिरणीत जन्म गेला, यंत्राच्या आवाजात बोलून उपयोग नाही म्हणून बहुधा बोलायचंच सोडून दिलं होतं. सुहानी बाकाला धरून उभी होती आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या भाजक्या भुईमुगाच्या शेंगेकडे एक एक पाऊल सरकत होती. मामंजी दारातच थबकले. मला वाटलं, आता हे सासूबाईंना सांगणार. ते उकिडवे बसले आणि शेंग तिच्या हाती लागेपर्यंत तसेच बसून राहिले. मग उठले आणि आल्या पावली निघून गेले.

दोन दिवसांनी गिरजाकाकूंच्या परसात रंध्याचा आवाज येऊ लागला. सागाच्या तुकड्यातून मामंजी नंदी घडवत होते. मी बघायला गेले तर नंदीला पुढे दोरीसाठी कडी नव्हती. त्याऐवजी पाठीमागून एक आडवा दांडा निघाला होता, बरोबर सुहानीच्या छातीच्या उंचीवर. पोटात लोखंडाचा तुकडा बसवून नंदी जड केलेला, चाकंही मुद्दाम घट्ट. नंदी कधी मागून ढकलतात का, असं मी हसत विचारलं.

"ओढाले दोन पाय पक्के लागतेत," मामंजी म्हणाले. "ढकलाले आधार भेटते."

त्यांचं एका वेळचं एवढं लांब बोलणं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. हे घरी का घडवत नाही, असं मी विचारलं नाही. सासूबाईंपासून लपवायचंय, एवढं मला दिसत होतंच.

त्या परसात सुहानी नंदीचा दांडा धरून चालली. आधी दोन पावलं, मग तुळशीपर्यंत, मग तुळशीपासून न्हाणीपर्यंत. चाक दगडाला अडलं की ती खाली बसे आणि नंदीवर रागावे. थकली की मी पाणी पाजून निजवायचे. नवऱ्याला फोनवर हे सांगताना मी इतकी ओरडत होते की त्याच्या गाडीवरची माणसंसुद्धा हसत होती. तो म्हणाला, मी पोळ्याला येतोच.

आणि पोळा तोंडावर आला असताना सुहानी तापली. सकाळी उठली ती हातांची बोटं सुजलेली, अंग फणफणलेलं. मी एक क्षण न थांबता तिला घेऊन दवाखाना गाठला. सलाईन, इंजेक्शनं, दुखण्याचं औषध. ती कण्हत होती आणि सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, परसातला नंदीही कळला होता. गावात काय लपतं. डॉक्टरांनी मला आणि त्यांना, दोघींना समोर बसवून सांगितलं की हे चालण्याने झालेलं नाही, घशात जंतू झाले त्यातून दुखणं उठलं, वेळेवर आणलंत म्हणून लवकर आटोक्यात आलं. सासूबाईंनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. घरी आल्यावर त्यांनी नातीला कमरेवर घेतलं आणि शेतात जाणं बंद केलं. आता बांधी नाही, निंदण नाही, फक्त सुहानी.

मीही खचले. पोरगी बरी होऊन हसायला लागली होती, तरी खचले. मामंजींना म्हटलं, जाऊ द्या, पुढच्या वर्षी पाहू, गावाला काय हसायचं ते हसू दे. ते नंदीच्या शिंगांना रंग देत होते. त्यांनी मान वर केली नाही आणि हातही थांबवला नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. देवळासमोरचं मैदान पोरांनी फुललेलं, लाउडस्पीकर कोकलत होता. कोणाचा नंदी झुलीने झाकलेला, कोणाच्या नंदीला घुंगरं, एका पोराने तर नंदीला गॉगल लावला होता. सासूबाई सुहानीला फक्त दाखवायला घेऊन आल्या होत्या. टोपी, मोजे, स्वेटर, ऊन असूनही. कमरेवरची पकड अशी की वारासुद्धा मधून जाऊ नये. मी मागे, नवरा माझ्या शेजारी, जीपमधल्या साऱ्याजणी समोर हजर. मी आयुष्यात कधी मान खाली घालून उभी राहिले नव्हते, ती त्या दिवशी राहिले.

मामंजी गर्दीतून आले. धोतराच्या जुन्या पानाने झाकलेला नंदी त्यांनी आमच्यापासून थोड्या अंतरावर ठेवला आणि कापड काढलं. पांढरा नंदी, हिरवी शिंगं, गळ्यात झेंडूची माळ. त्याचा मागचा दांडा बघून पोरं हसायला लागली.

सुहानीचं बोट वर गेलं.

गिरजाकाकूंचा हात नंदीकडे गेला आणि सवयीने तिथल्या तिथे मागे आला. सासूबाईंनी नातीच्या पाठीवर थोपटलं. "नंदी पायजे माझ्या बाईले? देते हो आजोबा." आणि त्यांनी मामंजींना नंदी उचलून आणायची खूण केली.

मामंजी हलले नाहीत. "तिले विचार," ते म्हणाले.

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सुहानीने बोट खाली घेतलं. आजीच्या कमरेवर ती सापासारखी वळवळली, दोन्ही पाय सैल सोडले आणि आजीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "खाली."

सासूबाईंचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी नातीचा आवाज रडण्याशिवाय ऐकलाच नव्हता.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं. आम्हाला नाही, तिला.

"आजी," सुहानी म्हणाली. "खाली."

लाउडस्पीकर चालूच होता. सासूबाई गुडघ्यांत वाकल्या, वाकता वाकता खाली बसल्या आणि त्यांनी ते मोज्यांतले पाय मैदानाच्या मातीवर टेकवले. कंबर मात्र सोडली नाही. तसंच बसल्या बसल्या सरकत त्यांनी तिला नंदीपर्यंत नेलं, दांडा तिच्या हातात आला तेव्हा कुठे हात काढले.

आणि माझी पोरगी चालली. नंदी ढकलत, ओठ दाबून, पोट पुढे काढून, थेट दुसऱ्या पोरांच्या रांगेत. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. नवरा सांगतो की मी जीपमधल्या एकेकीचं नाव घेऊन ओरडत होते. तो स्वतः रडत होता, ते मात्र सांगत नाही. आज सुहानी अकरावीत आहे, दुखण्याचे दिवस येतात आणि जातात, बोलायला लागली की तिला थांबवावं लागतं. पण त्या मैदानासारखा आनंद मला नंतर झालेला नाही.

सासूबाई आणि मी तिच्या दोन बाजूंनी चालत होतो. सासूबाईंची नजर त्या मोज्यांवर खिळलेली. तशाच अवस्थेत, माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"देवाचा नंदी लाल होता. तुझ्या मामंजीनंच बनवला होता."

देवा म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी तो तापाने गेला, एवढंच मला माहीत होतं. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे.

"याच मैदानातून निघाला. दिसभर हिंडला बोजारा मागत, पाण्यात भिजला, पाय उघडे. रातच्याला पाय धरून रडे. आमी म्हणलं, चालून चालून दुखत असन. तेल चोळलं." त्या थांबल्या. "सिकल म्हणून काई अस्ते, आमाले कुठं मालूम होतं. मले वाटे, भुईनंच नेला माझा लेक."

जीपमधलं त्यांचं गप्प बसणं मला तेव्हा कळलं. मामंजींनी गिरजाकाकूंच्या परसात रंधा का चालवला तेही कळलं.

इतक्यात नंदीचं चाक खड्ड्यात गेलं. दांडा हातातून सुटला आणि सुहानी पालथी पडली. टोपी उडाली, तळहात मातीत रुतले. तिने मान वर केली, ओठ थरथरायला लागले. एवढे दिवस तिला जमिनीवर सोडा म्हणून गावाशी भांडलेली मी, तिला उचलायला धावले.

सासूबाईंनी माझा हात धरला. पकड घट्ट होती.

"थांब, शालू," त्या म्हणाल्या. "उठते थे सोताच."